आंबोलीचा सडा ते खालची भातखाचरं: अधिवासनिहाय बेडूक सर्वेक्षणाच्या नोंदी (मे ते ऑक्टोबर)

१८ मे

जागा ठरवण्याचं काम संपलं. अधिवास सहा: कातळसडा, म्हणजे जांभ्याचं उघडं सपाट पठार (स), सदाहरित आणि निमसदाहरित जंगल (ज), ओढा (ओ), भातशेती (भ), काजू-आंब्याची बाग (ब) आणि वस्तीजवळचं पाणी, म्हणजे विहिरी, तळी, सिमेंटच्या टाक्या (व).

पहिल्या आराखड्यात सडा आणि जंगल घाटमाथ्यावर, तर भात आणि बाग घाटाखाली होती. तो रद्द केला. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि घाट उतरलं की दोन्ही आकडे झपाट्याने खाली येतात. अशा मांडणीत फरक दिसला तर तो अधिवासाचा की उंचीचा, हे नंतर कोणतीही संख्याशास्त्रीय कसरत सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक अधिवासाच्या दोन रेषा (पाहणीचे सरळ पट्टे) माथ्यावर आणि दोन पायथ्याशी. माथ्यावर पुरेशी मोठी काजूबाग मिळाली नाही, त्यामुळे बागेच्या दोनच रेषा, त्याही खाली. बागेची तुलना फक्त खालच्या सड्याशी करायची, हे आत्ताच लिहून ठेवत आहोत. ऑक्टोबरमध्ये मोह होईल.

एकूण २२ रेषा. प्रत्येक १०० मीटर लांब, दोन्ही बाजूंना २ मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटर. दोन रेषांत किमान ५०० मीटर अंतर. चार फेऱ्या, म्हणजे ८८ चाली (एका रेषेवरून एकदा चालणं ही एक चाल). एका रात्रीत तीनपेक्षा जास्त चाली नकोत (चौथ्या चालीत डोळे थकतात आणि झुडपातला छोटा बेडूक हमखास सुटतो), म्हणजे ३० रात्री लागतील. पावसाने वाया जाणाऱ्या रात्रींसाठी आणखी १० हाताशी ठेवल्या.

वनखात्याची परवानगी लेखी हातात आल्याशिवाय एकाही प्राण्याला हात लावायचा नाही. नुसतं पाहणं आणि ऐकणं असलं तरी राखीव वनात रात्री फिरायला पत्र लागतंच.

२६ मे

सामानाची जुळवणी. हेडलॅम्प प्रत्येकी दोन (एक सुटा), वर्नियर कॅलिपर, १० आणि ६० ग्रॅमचे स्प्रिंगकाटे, कोरडा-ओला तापमापक, पर्जन्यमापक, सहा इंची पट्टी, जलरोधक वही, पेन्सिल. पेन चालत नाही, पहिल्याच सरीत शाई पसरते.

निर्जंतुकीकरण हा कंटाळवाणा भाग, पण इथे सवलत नाही. बेडकांना रोग करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात आढळल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आहे आणि ती एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात बुटांच्या चिखलातून जाऊ शकते. पद्धत अशी: आधी ब्रशने चिखल पूर्ण काढायचा, कारण माती आणि पाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात आणि मग द्रावण नुसतं वासापुरतं उरतं. त्यानंतर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १ भाग ब्लीच आणि ४ भाग पाणी. एक मिनिट पुरतं असं मानतात, आपण पाच मिनिटं ठेवणार. द्रावण रोज ताजं. उन्हात राहिलेली कालची बादली कुचकामी. धुतलेलं पाणी ओढ्यापासून दूर ओतायचं. कॅलिपर आणि पट्टीसाठी ७० टक्के अल्कोहोल, कारण ब्लीचने धातू गंजतो.

ध्वनिमुद्रक सहा आहेत. नमुनादर ३२ किलोहर्ट्झ ठेवला. इथल्या बहुतेक बेडकांचे आवाज ६ किलोहर्ट्झच्या खालीच असतात, १६ वरही भागलं असतं, पण रातकिड्यांचा आवाज वेगळा ओळखायला वरची पट्टी उपयोगी पडते. संध्याकाळी ६ ते सकाळी ६, दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं: २४ फाइली, १२० मिनिटं. १६ बिट एका वाहिनीला मिनिटाला ३.८४ एमबी, म्हणजे रात्रीला सुमारे ४६० एमबी. ३२ जीबीचं कार्ड दोन महिन्यांहून जास्त चालेल, बॅटरी त्याआधी संपेल. म्हणून दर पंधरवड्याला बॅटरी बदलायची.

२ जून

वळवाची एक सर झाली. रंगीत तालीम घेतली. एकाच रेषेवर दोन जोड्या वीस मिनिटांच्या अंतराने सोडल्या, याद्या जुळल्या नाहीत. कारण सरळ होतं: एक जोडी जमीन पाहत होती, दुसरी झुडपं. आता नियम पक्का. पुढच्याने कमरेच्या वरचं पाहायचं, मागच्याने जमीन आणि पाणी. १०० मीटरला ३० मिनिटं, कमी नाही, जास्त नाही. प्राणी पकडण्यात किंवा फोटोत गेलेला वेळ घड्याळ थांबवून वगळायचा.

हेडलॅम्प कपाळावरच हवा. हातातल्या टॉर्चने डोळ्यांची चमक परत येत नाही, कारण प्रकाशाची रेषा आणि आपली नजर यांत फार कोन पडतो. नवख्यांची पहिली फसगत कोळ्यांमुळे होते: पाचोळ्यात हिऱ्यासारखा टोकदार लुकलुकणारा ठिपका बहुतेक वेळा कोळ्याचा असतो, बेडकाची चमक मंद आणि पिवळसर.

सड्यावर दगड हाताने उलटायचे नाहीत. जांभ्याखाली फुरसं असतं. लोखंडी आकडीने आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे दगड ढालीसारखा मध्ये राहतो, आणि होता तसाच परत ठेवायचा. उलटा टाकलेला दगड खालची ओल गमावतो.

८ जून

मृग लागला आणि काल दुपारपासून खरा पाऊस. भ-३ आणि व-४ वर गोंधळ उडाला आहे. बुलफ्रॉगचे नर हळदीसारखे पिवळे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या, पाण्यात एकमेकांवर चढाओढ. हा रंग काही दिवसच टिकतो. महिन्याभरात हेच नर पुन्हा मळकट हिरवे दिसतील आणि यादी वाचणाऱ्याला दोन जाती वाटतील. रंगाच्या रकान्यात तारीख आणि तास लिहायचा तो यासाठी.

ही जात पहिल्या मोठ्या पावसात दोन-तीन रात्रींत प्रजनन उरकते. ती रात्र चुकली की पुढच्या तीन फेऱ्यांत ती विरळ असल्यासारखी भासते. त्यामुळे पहिली फेरी तारखेने नव्हे, पावसाने ठरवायची: सकाळी ८.३० ला मापकात ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसलं (हवामान खात्याची मुसळधार पावसाची खालची मर्यादा) की त्याच रात्री निघायचं. मापकातला आकडा आदल्या दिवसाच्या ८.३० पासूनचा असतो. तो काल रात्रीच्या चालीशी जोडायचा, आजच्या नाही. ही गफलत जुन्या वह्यांत वारंवार दिसते.

गोव्याकडे याला बेबो म्हणतात आणि याच रात्री पोती घेऊन माणसंही बाहेर पडतात. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे, शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तरी पहिल्या पावसातली मागणी संपलेली नाही. त्यामुळे प्रजननाच्या जागांचे अचूक अक्षांश-रेखांश सामाईक फाइलमध्ये टाकायचे नाहीत. तिथे फक्त रेषेचा संकेत.

स-३ वर जमिनीत पुरून राहणारा स्फेरोथेका वर आला. मागच्या पायाच्या आतल्या कडेला कुदळीसारखा कठीण उंचवटा, गोल आटोपशीर अंग. हा मागे सरकत जमिनीत जातो, आणि ज्या मातीत फावडं शिरत नाही तिथे तो नसतो. तेव्हा प्रत्येक रेषेवर मातीची खोलीही मोजली पाहिजे: टोकदार सळई दर १० मीटरला, दगड लागेपर्यंत.

११ जून

माथ्यावरचा सडा. आंबोली टोड (झँथोफ्रायने टायग्रिना) प्रजननात. २००९ मध्ये वर्णन झालेली ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि आंबोलीच्या परिसराबाहेर माहीत नाही. याच प्रजातीतली (जीनस) दुसरी जात कोयनेची. कुशीवरच्या पट्ट्यांमुळे साध्या टोडपासून लगेच वेगळा कळतो. डोक्यावरचे काळे कंगोरे आणि डोळ्यामागच्या ठसठशीत विषग्रंथी असतील तर तो साधा टोड (डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस), ज्याची अंडी लांब दुपदरी माळेसारखी पाण्यातल्या गवताला गुंडाळलेली सापडतात.

सड्यावरची डबकी बशीसारखी उथळ. पट्टीने मोजलेली बरीचशी दहा सेंटिमीटरच्या आतली. दोन दिवस उघडीप मिळाली की कोरडी पडतात, मग एवढं उघडं पाणी का निवडायचं? मासे नाहीत, मोठे शिकारी किडे अजून पोहोचलेले नाहीत, पाणी दुपारी चटकन तापतं म्हणून वाढ वेगाने होते. किंमत अशी की पावसात खंड पडला की सगळी वीण जाते. म्हणून डबकी क्रमांकाने नोंदवली: लांबी, रुंदी, तीन जागी खोली, दुपारी २ चं पाण्याचं तापमान, शेजारी माती किंवा गवत आहे का. डबक्यात पाय टाकायचा नाही, कडेच्या उघड्या खडकावरून वाकून पाहायचं. खडकाला रंगाने खूण करायची नाही, फोटो आणि मोजपट्टीवर भागवायचं.

सड्यालगतच्या रस्त्यावर चिरडलेले प्राणी पहाटे ५ ते ६ दरम्यान मोजायचे. उजाडल्यावर कावळे रस्ता साफ करतात आणि सात वाजता गेलेल्या माणसाच्या वहीत शून्य पडतं.

१९ जून

मिनर्वार्या. भाताच्या बांधावर, सड्याच्या कडेला, पाणंदीत, सगळीकडे छोटे तपकिरी बेडूक, पोटाच्या दोन्ही कडांना लांबीच्या दिशेने बारीक रेघा. प्रजाती निश्चित, जात नाही. या गटात गेल्या काही वर्षांत नवी वर्णनं झाली (गोमंतकी २०१५ मध्ये, सेप्फी २०१७ मध्ये, तीही आंबोलीची), आणि बाहेरच्या रूपावरून त्यांना एकमेकांपासून सोडवणं धोक्याचं. फोटोवरून जात ठोकून देणाऱ्या याद्या आम्ही तुलनेत घेणार नाही.

तोडगा: मि-१, मि-२, मि-३ असे संकेत. प्रत्येक संकेताला किमान पाच नर ज्यांचा आवाज आणि फोटो एकाच प्राण्याचे आहेत. आवाज जवळून, एक मीटरवरून, किमान एक मिनिट, लगेच त्याच्याशेजारी हवेचं तापमान. तापमान नसेल तर आवाज जवळपास निरुपयोगी, कारण थंडीत ठोके सावकाश पडतात आणि एकाच जातीच्या दोन रात्री दोन जाती भासतात. फोटो पाच: पाठ, कूस, पोट, पुढचा पंजा, मागच्या पायाचा पडदा पसरून. पट्टी चौकटीत हवी.

हाताळताना पावडर नसलेले हातमोजे, दर प्राण्याला नवे, किंवा सरळ पाणी घातलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवी बरी: तीतच वजन, तीतच फोटो. एका पिशवीत दोन प्राणी कधीच नाहीत. टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) लॅटेक्स किंवा नायट्राइलच्या मोज्यांनी धरायचे नाहीत, त्यातल्या रसायनांनी ते मरू शकतात. त्यांना पांढऱ्या चमच्याने उचलायचं.

२९ जून

मुद्रकांची पहिली झडती, निम्मं रेकॉर्डिंग फुकट. पत्र्यावर पडावा तसा पावसाचा आवाज. कारण मुद्रक झाडाच्या खोडाला थेट बांधले होते आणि वरच्या फांदीचे मोठे थेंब डबीच्या झाकणावर पडत होते. आता डबीच्या वर चार बोटं अंतर सोडून नारळाच्या काथ्याची जाड चटई छपरासारखी तिरपी. थेंबाचा आघात काथ्या जिरवतो, पत्रा किंवा प्लास्टिक उलट वाजवतं. माइकचं भोक खाली तोंड करून. सिलिका जेलच्या पुड्या दर भेटीला बदलायच्या, वापरलेल्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा.

मोसमातल्या सगळ्या रात्री ऐकणं शक्य नाही. प्रत्येक रेषेच्या प्रत्येक भेटीच्या तीन रात्री, आणि त्यातलेही पावसाचा जोर कमी असलेले तुकडे. निवड कानाने नाही, आलेखावर १ किलोहर्ट्झच्या खालचा गोंगाट पाहून. आपल्याला आवडतील असे स्वच्छ तुकडे कानाने निवडले की गाणारे बेडूकच निवडले जातात.

७ जुलै

जंगलाच्या रेषा, ज-१ आणि ज-२. इथे पाण्याजवळ शोधणारा फसतो. झुडूप-बेडकांना (राओर्केस्टेस बॉम्बेयेन्सिस आणि त्यांच्यासोबत स्युडोफिलॉटस आंबोली) पाण्याची गरजच नाही. अंड्यातून टॅडपोल येत नाही, नखाएवढा तयार बेडूक बाहेर पडतो. त्यांना हवी असते दिवसरात्र टिकणारी ओल. कोरडा-ओला तापमापक २४ आणि २३ अंश दाखवत होता, म्हणजे आर्द्रता ९२ टक्क्यांच्या आसपास. कारवीच्या पानांवर कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत नर. बसण्याची उंची पट्टीने मोजायची, अंदाजाने नाही. अंधारात प्रत्येकाचा अंदाज वेगळा पडतो.

स्युडोफिलॉटसची गंमत अशी की ही प्रजाती मुख्यतः श्रीलंकेची, भारतात तिच्या मोजक्याच जाती.

मलबारी उडत्या बेडकाची (ऱ्हॅकोफोरस मलबारिकस) फेसाळ घरटी डबक्यावर लोंबणाऱ्या फांद्यांना दिसली. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते, वरचा थर सुकून साल धरतो, आत ओल राहते. काही दिवसांनी टॅडपोल खालच्या पाण्यात टपकतात. नोंद घेताना घरट्याखाली पाणी आहे का आणि किती खोल, हे घरट्याइतकंच महत्त्वाचं. रस्त्याकडेच्या चराच्या वर लटकलेलं घरटं चर साफ केल्यावर कोरड्या मातीवर रिकामं होतं. तपकिरी झाडबेडूकही (पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस) फेसच करतो, पण तो टाकीच्या भिंतीवर आणि विहिरीच्या काठावरही खूश. दोन्ही फेस पाहून जात लिहू नये, नर किंवा मादी जवळ दिसली तरच.

दगडाखाली एक देवगांडूळ मिळालं. उभयचरच आहे, पण या सर्वेक्षणाच्या पद्धतीने त्यांची मोजणी होत नाही. वेगळ्या पानावर नोंद.

१५ जुलै

ओढे. आधी सुरक्षितता: माथ्यावर पाऊस असेल तर खाली आकाश स्वच्छ असूनही पाणी मिनिटांत चढतं. काठावरच्या दगडावर पाण्याच्या रेषेशी खडूची खूण, दर दहा मिनिटांनी पाहायची. रेघ बुडली की चाल सोडून वर.

पाण्याच्या खळखळाटात मुद्रक जवळजवळ बहिरा, म्हणून ओ रेषांवर भरवसा डोळ्यांवरच. रात्रबेडूक (निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी) पाण्यावर झुकलेल्या पानांवर आणि ओल्या खडकांवर. याचं मीलन मुलखावेगळं: नर मादीला मिठी मारत नाही, हात पानावर टेकवून तिच्या पाठीवर ओणवा होतो, शुक्र पाठीवर सोडून बाजूला होतो, आणि अंडी त्यानंतर घातली जातात. २०१६ मध्ये कोयनेजवळच्या निरीक्षणांवरून हे प्रसिद्ध झालं. मादीही आवाज देते, म्हणून आवाज आला की नर असं धरून लिंगाचा रकाना भरू नये. टॅडपोल अंड्यातून थेट ओढ्यात पडतात. काठावरची झुकलेली झुडपं छाटलेल्या ओढ्यात पाणी उत्तम असूनही अंड्याला पानच नाही. काठावरचं झाकण मोजण्यासाठी दर १० मीटरला पाण्यावर झुकलेली पानं आहेत की नाहीत, एवढंच हो/नाही.

ओल्या कातळाच्या उभ्या भिंतीवर, पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो तिथे, इंडिराना या बेडकांचे टॅडपोल. लांब दणकट शेपूट, पडदा नावापुरता, डोळे मोठे. स्पर्श झाला की उडी मारतात. जाळी कामाची नाही, तळहाताएवढी चौकट (२० × २० सेंमी) खडकावर धरून मोजायचे. हे टॅडपोल पाण्यात शोधणाऱ्याला कधीच सापडत नाहीत. पापुद्रा सुकला की संपले, म्हणून भिंतीची दिशा आणि वरून येणारी गळती लिहायची.

२३ जुलै

भात. लावणी नुकतीच झाली. खाचरात मायक्रोहायला या छोट्या बेडकांचे पारदर्शक टॅडपोल मध्यपाण्यात तरंगत, तळाशी मिनर्वार्याचे, आणि मधूनच बुलफ्रॉगचे, जे बाकीच्यांना खातात. एकाच बादलीत घेतले की अर्ध्या तासात यादी बदलते. वेगवेगळ्या डब्या.

जाळीचे दहा हात, प्रत्येक एक मीटरचा, दर खाचरात. चिखल ढवळू नये, त्याने कल्ले भरतात. शेतकऱ्याला विचारायच्या तीन गोष्टी आणि त्यांच्या तारखा: युरिया कधी, तणनाशक कधी, पाणी कधी सोडलं. यात सर्वात मोठा फरक पाणी सोडण्याने पडतो असं आमचं मत बनतंय. खत आणि औषधाची चर्चा फार होते. पण खाचर कोरडं केल्यावर टॅडपोल जगण्यासाठी एखादा खोलगट कोपरा राहतो की सगळं सपाट असतं, हे कुणी पाहत नाही. कोपरा असलेल्या खाचरांना वेगळी खूण केली.

५ ऑगस्ट

काजूबाग, ब-१ आणि ब-२. पूर्वी सडाच होता. जांभा फोडून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली. बेडूक दिसतात, अगदी मोजदाद भरेल इतके. पण जवळजवळ सगळे प्रौढ. सड्यावरची उथळ डबकी मातीने भरली, त्यांच्या जागी खड्ड्यात पाणी साठतं ते सावलीतलं, थंड, पानं कुजलेलं. याच मुद्द्यावर नोंदपत्रकात नवा रकाना: अंडी / टॅडपोल / नुकता पाय फुटलेला / फक्त प्रौढ. मे महिन्यातच घालायला हवा होता. जून-जुलैच्या चालींतला हा रकाना वह्यांच्या शेऱ्यांवरून भरला, जिथे शेरा नाही तिथे रिकामा. रिकामा म्हणजे 'नाही' असं समजायचं नाही.

१९ ऑगस्ट

अर्ध्यावरची तपासणी. प्रश्न: एखादी जात रेषेवर दिसली नाही म्हणजे ती नाही का? एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.३ असेल तर चार फेऱ्यांत किमान एकदा दिसण्याची शक्यता १ − ०.७⁴, म्हणजे सुमारे ०.७६. चारात एक जागा तरीही खोटं शून्य देते. सहा फेऱ्या केल्या तर ०.८८. सगळीकडे सहा शक्य नाहीत, पण सड्यावर शक्य आहेत आणि गरजही तिथेच: सडा उघडा, बेडूक फटीत गेला की गेला. स-१ ते स-४ वर दोन फेऱ्या वाढवल्या, म्हणजे आठ चाली जास्त.

पाण्याच्या गोंगाटामुळे ओढ्यावर, गवतामुळे भातात, उंचीमुळे जंगलात, प्रत्येक ठिकाणी दिसण्याची शक्यता वेगळी. कच्च्या संख्यांचे खांब शेजारी-शेजारी उभे करून 'भातात बेडूक जास्त' म्हणणं म्हणजे भातात बेडूक दिसणं सोपं आहे, एवढंच म्हणणं.

४ सप्टेंबर

टॅडपोलची ओळख. वाढीच्या अवस्था गोस्नरच्या १९६० च्या तक्त्याप्रमाणे, एकूण ४६. मागच्या पायाची कळी २६ ला, पुढचे पाय ४२ ला बाहेर. ओळखीसाठी २६ ते ४० मधलेच घ्यायचे: त्याआधी तोंडाचे दात पूर्ण नसतात, नंतर झडू लागतात. १० पट भिंगाखाली तोंड पाहायचं. मायक्रोहायलाच्या कुळात शिंगी चोच आणि दातांच्या रांगा नसतातच, बुलफ्रॉगची चोच उलट भक्कम. शंका असलेले टॅडपोल त्याच डबक्यातल्या पाण्यात वाढवून पाहायचे, डबीत उतरता दगड ठेवून. पाय फुटल्यावर बाहेर यायला जागा नसेल तर बुडून मरतात. वाढवलेले बेडूक जिथून आणले त्याच डबक्यापाशी सोडायचे, दुसरीकडे नाही.

२२ सप्टेंबर

पाऊस ओसरतोय. रात्रीच्या चालीत आवाज जवळपास थांबले. आता पाचोळ्याचे चौकोन: ५ × ५ मीटर, चारही बाजूंनी एकाच वेळी आत सरकत, पाचोळा हाताने नाही तर छोट्या दाताळ्याने, मग परत पसरून. सकाळी ९ च्या आधी. ज रेषांवर नखाएवढी पिल्लं, म्हणजे झुडूप-बेडकांची वीण यशस्वी. ब रेषांवर पाचोळा भरपूर पण खाली कोरडा. काजूची पानं जाड, एकमेकांवर चिकटून छप्पर करतात, पाणी वरून वाहून जातं. पाचोळ्याची जाडी मोजत होतो, आता खालच्या मातीची ओलही.

९ ऑक्टोबर

आकडेमोड सुरू. एकक रेषा, प्राणी नव्हे. एका डबक्यातले शंभर टॅडपोल ही शंभर नमुन्यांची माहिती नाही. न दिसलेल्या जातींचा अंदाज चाओ-१ ने: एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग, भागिले दोनदा दिसलेल्यांची दुप्पट. समजा एकदा दिसलेल्या ५, दोनदा दिसलेल्या ३, तर २५ ÷ ६, म्हणजे चार जाती अजून बाहेर. हा अंदाज किमान असतो, कमाल नव्हे. मिनर्वार्याचे संकेत चुकून जास्त फोडले तर 'एकदाच दिसलेल्या' फुगतात आणि अंदाज हवेत जातो, म्हणून गणित दोनदा: एकदा संकेत वेगळे धरून, एकदा सगळे मिसळून.

प्रौढांच्या यादीवरून जॅकार्ड साम्य (दोन याद्यांत किती जाती सामाईक, याचं माप) काढलं तर खालचा सडा आणि काजूबाग शेजारी बसतात. अंडी-टॅडपोलच्या यादीवरून तीच जोडी दूर जाते, आणि बाग कोणाच्याच जवळ नसते. भातही दोन भागांत फुटतो: कोपऱ्यात पाणी धरणारी खाचरं तळ्यांकडे, सपाट खाचरं एकटी. दोन्ही तक्ते अहवालात जातील. फक्त पहिला गेला तर बागेची बाजू उगाच मजबूत दिसेल. दुसऱ्या तक्त्यात जूनमधले रिकामे रकाने आहेत, तेही छापायचे.

१७ ऑक्टोबर

सगळे मुद्रक काढले. ओ-२ चा डबीत पाणी शिरून बंद, कार्ड वाचलं. रबरी कडीवर वाळूचा कण होता. पुढच्या मोसमात कडीला सिलिकॉन ग्रीस.

कार्डांच्या दोन प्रती, वह्यांचं पानन् पान स्कॅन. पुढच्या मे महिन्यासाठी यादी: प्रजननाचा रकाना पहिल्या दिवसापासून, सड्याच्या सहा फेऱ्या, माथ्यावर बागेची जागा पुन्हा शोधणं, सिलिका जेल दुप्पट. ज्या नऊ डबक्यांची खोली दोनदा वेगवेगळी लिहिली गेली ती कोरडी आहेत तोवर, याच आठवड्यात, पुन्हा मोजायची.